सा वरचं टिंब आणि मासिकाचं कव्हर

ज्यांना ऐकायला वेळ नसतो, लोकलमध्ये रेंज जाते, किंवा माझा आवाज दीड स्पीडवरही सहन होत नाही, त्यांच्यासाठी हा या भागाचा लिखित अवतार. नेहमीप्रमाणे थोडा साफसूफ केलाय, पण बोलणं बोलण्यासारखंच ठेवलंय.

आज एका टिंबापासून सुरुवात करू. कागदावर 'सा' लिहिलाय आणि त्याच्या डोक्यावर एक टिंब आहे. हा सा कुठला? गाणं शिकलेला कोणीही चटकन सांगेल, वरचा, तार सप्तकातला. बरोबर, पण फक्त भातखंडे पद्धतीत. विष्णु दिगंबर पलुस्करांच्या पद्धतीत डोक्यावरचं टिंब म्हणजे मंद्र, खालचा सा. तार सप्तकासाठी तिथे डोक्यावर उभी रेघ असते. आणि तीच उभी रेघ भातखंडे पद्धतीत 'म'वर आली की तीव्र मध्यम होतो. पुढे ऐका. भातखंड्यांकडे शून्य म्हणजे खाली, जिथे टाळी देत नाहीत ती जागा. पलुस्करांकडे स्वराखालचं छोटं शून्य म्हणजे अर्धी मात्रा, आणि खालीची खूण अधिक चिन्हासारखी. भातखंड्यांची सम म्हणजे फुली, पलुस्करांची सम म्हणजे एक आकडा. म्हणजे एकाच देवनागरीत, साधारण एकाच काळात, दोन माणसांनी दोन एन्कोडिंग बनवली आणि ती एकमेकांशी अजिबात कंपॅटिबल नाहीत. ज्याने कधी चुकीच्या एन्कोडिंगमध्ये फाईल उघडून चौकोन आणि प्रश्नचिन्हं बघितली असतील, त्याला ही भानगड लगेच कळेल. फरक इतकाच की इथे चौकोन दिसत नाहीत. विद्यार्थी आरामात दोन सप्तकं इकडेतिकडे जाऊन गातो.

हे सगळं आत्ताच का आठवलं? माझी मामेबहीण मास मीडियाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्यांना असाइनमेंट आहे, विद्यार्थ्यांसाठी एक संगीत मासिक डिझाइन करा. कव्हर, अनुक्रमणिका आणि एक दुपानी लेख. सोबत एक चेकलिस्ट. वर मोठं नाव, म्हणजे मास्टहेड. मधोमध कलाकाराचा फोटो, नजर थेट कॅमेऱ्याकडे. बाजूला कव्हरलाइन्स. तीनच रंग. कोपऱ्यात बारकोड. यातलं जितकं असेल तितके मार्क. ती म्हणाली, "दादा, हे नियम कोणी ठरवले? आणि विकायचंच नाहीये, तर बारकोड कशाला?"

प्रश्न झकास आहे. प्रॉडक्शनमध्ये एखादा जुना कोड दिसतो, काय करतो कोणालाच माहीत नसतं, पण काढायची हिंमत होत नाही. मासिकांचे संकेत तसेच असतात. प्रत्येक संकेत कधीतरी कोणाच्या तरी खऱ्या अडचणीवरचा उपाय होता. मग अडचण गेली आणि उपाय तेवढा उरला. तर आज आपण त्या अडचणी शोधू.

आपल्याकडच्यापासूनच सुरू करू, कारण 'विद्यार्थ्यांचं संगीत मासिक' हा प्रकार मराठी माणसाला नवा नाही.

विष्णु दिगंबर मूळचे कुरुंदवाडचे, जन्म १८७२. लहानपणी फटाक्याने डोळ्यांना इजा झाली, नजर गेली ती फारशी परत आली नाही. मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकले. पुढे ५ मे १९०१ रोजी त्यांनी थेट लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. १९०८ मध्ये ते मुंबईत आले. गाणं शिकायचं तर उस्तादाच्या घरी वर्षानुवर्षं राहायचं आणि तो देईल तेवढंच घ्यायचं, हा तेव्हाचा रिवाज. पलुस्करांनी त्याच्या जागी वर्ग, फळा, अभ्यासक्रम आणि छापील पुस्तक आणलं. आणि शाळेचं एक मासिकही, 'संगीतामृत प्रवाह'. मला यातली गंमत अशी वाटते की ज्याला स्वतःला धड दिसत नव्हतं, त्याने गाणं डोळ्यांनी वाचायची लिपी बनवली.

तिकडे वाळकेश्वरचे विष्णु नारायण भातखंडे, पेशाने वकील, दुसऱ्या बाजूने तेच करत होते. १९१० पासून त्यांचं 'हिंदुस्थानी संगीत पद्धती' मराठीत येऊ लागलं, आणि ते सगळं संवादात आहे. शिष्य विचारतो, गुरू सांगतो, शिष्य परत शंका काढतो. अहो, ट्रान्सक्रिप्टच की! नंतर 'क्रमिक पुस्तक मालिका'. सहा भाग, आणि त्यात घराण्यांनी जिवापाड लपवून ठेवलेल्या कितीतरी चिजा चक्क नोटेशनसकट.

अडचण समजून घ्या. रेकॉर्ड महाग, रेडिओ अजून यायचाय, गुरू एकच आणि विद्यार्थी गावोगावी पांगलेले. अशा वेळी गाण्याच्या पानाने काय करायला हवं? ते बघून गाता आलं पाहिजे. म्हणून त्या पानावर फोटो नाही, मोठं शीर्षक नाही. वर रागाचं नाव, तालाचं नाव, मग स्थायी, अंतरा, आणि मात्रांच्या उभ्या रकान्यांत बसवलेले स्वर. एक ओळ स्वरांची, खाली एक ओळ शब्दांची. आजच्या भाषेत हा शुद्ध ग्रिड लेआउट आहे, आणि तो दिसायला छान म्हणून केलेला नाही. शब्द त्याच्या मात्रेखालून सरकला तर पूर्ण बंदिश चुकते. खिळे जुळवणाऱ्या कंपोझिटरची काय हालत होत असेल विचार करा. प्रत्येक कोमल स्वराखाली रेघ, वर-खाली टिंबं, आणि काना-मात्रा-वेलांट्या तर आहेतच.

पलुस्कर १९३१ मध्ये मिरजेत गेले. त्यांच्या शिष्यांनी त्याच वर्षी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलं. तुमच्या सोसायटीत एखादी मुलगी संध्याकाळी हार्मोनियम घेऊन 'प्रारंभिक', 'प्रवेशिका', 'मध्यमा' करत असते ना, त्या या मंडळाच्या परीक्षा. १९४७ पासून मंडळाचं मासिक निघालं, 'संगीत कला विहार', आणि संपादक होते बी. आर. देवधर.

देवधरांवर एक वेगळा भाग करायचाय, पण आज थोडं तरी. मिरजेचे, पलुस्करांचे शिष्य, पदवीधर, पाश्चात्त्य संगीतही शिकलेले. १९२५ मध्ये त्यांनी मुंबईत संगीत शाळा काढली, ऑपेरा हाउसजवळ. छोटा कुमार गंधर्व शिकला तो तिथे. पण या माणसाचं मोठं वेड म्हणजे गवयांशी गप्पा मारणं. कोणत्याही घराण्याचा असो, बोलवायचं, ऐकायचं, विचारायचं. कसा रियाज केलात, कोणाकडे शिकलात, ही चीज कुठून आली. अशा लेखांतून पुढे 'थोर संगीतकार' हे पुस्तक झालं. विष्णु दिगंबर, अल्लादिया खाँ, बडे गुलाम अली खाँ, अशी माणसं त्यात आहेत. सन-सनावळ्यांत अडकलेली चरित्रं नाहीत ती. माणूस समोर बसून बोलतोय असं वाटतं.

आता चेकलिस्टमधला 'दुपानी कलाकार मुलाखत' हा मुद्दा आठवा. माझी बहीण समजत होती की हा संकेत इंग्रजी रॉक मासिकांतून आला. तिकडेही आहेच. पण इकडे तो एका वेगळ्या गरजेतून आला होता. नोटेशनमध्ये जे उतरत नाही, आवाजाचा लगाव, मींड, गुरूचा मारही, ते सांगायचं कसं? तर गोष्टीतून. नोटेशनचं पान आणि गवयाची गोष्ट या दोन गोष्टी एकमेकांची उणीव भरून काढत होत्या.

पण या सगळ्या पानांवर एक मोठी गैरहजेरी आहे. परीक्षेचा अभ्यासक्रम रागांचा, म्हणून पान रागाचं. माझ्या माहुल गावात हळदीला जी कोळीगीतं चालतात, भीमजयंतीला जी गाणी वाजतात, त्यांना त्या ग्रिडमध्ये कोणी बसवलं नाही. मग ती छापली गेलीच नाहीत का? गेली! पण दुसऱ्याच रूपात, आणि तो मला सगळ्यात आवडता मराठी संकेत आहे. 'चाल'.

जुनी गाण्याची पुस्तिका बघितली असेल तर आठवेल. ६ डिसेंबरला शिवाजी पार्कच्या आसपास पुस्तकांचे स्टॉल लागतात, तिथे मिळतात तशी, बारकी, पातळ कागदाची. गाण्याच्या वर कंसात छोटंसं लिहिलेलं असतं, चाल: अमुक. आणि पुढे एखाद्या गाजलेल्या सिनेमाच्या गाण्याचं नाव. बस्स. नोटेशनची गरजच संपली. वाचणाऱ्याच्या डोक्यात ती धून आधीच आहे, तुम्ही फक्त पत्ता दिलात. प्रोग्रामिंगवाल्यांनो, हा पॉइंटर आहे! पूर्ण डेटा कॉपी करायचा नाही, तो कुठे आहे तेवढं सांगायचं. ही युक्ती जुनी आहे. १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'संगीत शाकुंतल' पुण्यात रंगमंचावर आलं. त्या काळापासूनच्या संगीत नाटकांच्या पुस्तकांत पदावर राग-ताल किंवा चाल दिलेली सापडते. नोटेशन वाचायला वर्ग लागतो, गुरू लागतो, फी लागते. 'चाल' वाचायला कानावर गाणी पडलेली असली की पुरे.

आता जरा बाहेर जाऊ, कारण कॉलेजची चेकलिस्ट तिकडून आलीय.

१९६६, अमेरिका. स्वार्थमोर कॉलेजात शिकणारा १७ वर्षांचा पॉल विल्यम्स 'क्रॉडॅडी' नावाचं रॉक संगीताचं मासिक काढतो. सायक्लोस्टाइलसारख्या मशिनवर, स्टेपल मारून. पोरगा सायन्स फिक्शनचा चाहता होता आणि त्या चाहत्यांत हाताने काढलेली छोटी मासिकं आधीपासून चालायची. त्याने तोच साचा उचलला आणि त्यात रॉक भरलं. फोटो छापायला पैसे नाहीत, म्हणून मोठमोठे लेख. 'रॉकवर गंभीर लेख लिहायचा' हा संकेत काही अंशी या गरिबीतून आलाय असं माझं मत आहे.

पुढच्या वर्षी, ९ नोव्हेंबर १९६७ च्या तारखेचा 'रोलिंग स्टोन'चा पहिला अंक. संपादक जॅन वेनर २१ वर्षांचा, बर्कलीचं शिक्षण अर्धवट सोडलेला. पानांची मांडणी त्याने आधी जिथे काम केलं त्या 'संडे रॅम्पार्ट्स' नावाच्या पेपरची, जवळजवळ तशीच उचललेली. आणि ते जगप्रसिद्ध वळणदार नाव? पोस्टर काढणाऱ्या रिक ग्रिफिनचा तो कच्चा आराखडा होता. पक्कं व्हायच्या आधीच वेनरने छापून टाकला. म्हणजे आज ज्याच्यासारखं मास्टहेड केलं की मार्क मिळतात, ते मुळात टेस्टिंग न करता डिप्लॉय झालेलं होतं.

मग १९७७, इंग्लंड, पंकचा जमाना. 'साइडबर्न्स' नावाच्या झेरॉक्स मासिकात एक हाताने काढलेलं चित्र आलं. गिटारच्या तीन कॉर्ड्स, आणि मजकुराचा अर्थ असा की एवढं पुरे, आता बँड काढा. बघा हं, हे तर पलुस्करांचं पान आहे! बघ आणि वाजव. काळ वेगळा, संगीत वेगळं, अडचण मात्र सारखी. शिकवणारा जवळ नाही आणि शिकायची घाई आहे.

पण माझ्या बहिणीच्या कामाची खरी गोष्ट १९८८ ची आहे. हार्वर्डमधले दोन विद्यार्थी, डेव्हिड मेझ आणि जॉन शेक्टर. कॉलेज रेडिओवर त्यांचा हिपहॉपचा कार्यक्रम होता. ऐकणाऱ्यांसाठी त्यांनी एक पानाचं पत्रक काढलं, नाव 'द सोर्स'. (एका पॉडकास्टचा हा ब्लॉग लिहिताना मला हे वाचून किती बरं वाटलं असेल!) पुढे हे हिपहॉपचं सगळ्यात वजनदार मासिक झालं. अल्बमला पाचपैकी किती माइक मिळाले यावर भांडणं व्हायची. चेकलिस्टमधलं रेटिंगचं खातं म्हणजे त्याच जातीचं. पण मला महत्त्वाचा वाटतो तो त्यांचा 'अनसाइन्ड हाइप' नावाचा कॉलम. ज्याच्याकडे कंपनी नाही, अल्बम नाही, अशा पोराचा डेमो टेप ऐकायचा आणि त्यावर थोडंसं लिहायचं. मार्च १९९२ च्या अंकात ब्रुकलिनच्या एका तरुणाबद्दल लिहिलं गेलं. त्यातून तो डेमो शॉन कोम्ब्सपर्यंत पोचला. तो तरुण म्हणजे नोटोरियस बी.आय.जी. त्या महिन्याचं कव्हर कोणाचं होतं, कोणाला आठवतं?

भारतात हा किडा १९९३ मध्ये अलाहाबादला चावला. मुंबई नाही, बंगळुरू नाही, अलाहाबाद! अमित सहगलने 'रॉक स्ट्रीट जर्नल' काढलं. तेव्हा इंटरनेट नव्हतं. गुवाहाटीच्या कॉलेज बँडला पुण्याच्या कॉलेज बँडबद्दल कळायचं कसं? त्या मासिकामुळे कळायला लागलं, आणि पुढे 'ग्रेट इंडियन रॉक' हा महोत्सव त्यातूनच उभा राहिला. सहगल २०१२ मध्ये गोव्यात गेले. मराठीत असं का झालं नाही, हा प्रश्न मला छळतो. मशीन होतं, हौस होती. मुंबईत १९५०च्या दशकात 'शब्द' निघत होतं, त्यात अरुण कोलटकर होते, आणि कोलटकर तर जाहिरातीतले डिझायनर, वर पखवाज शिकलेले. पण ती सगळी ताकद कवितेत गेली. तक्रार नाही, नुसती नोंद.

असो. आता माहुल.

बहिणीने विषय घेतला आमच्या इथल्या रॅप करणाऱ्या पोरांचा. ती राहते तो भाग म्हणजे प्रकल्पग्रस्तांच्या इमारती, मी जुन्या गावठाणाच्या बाजूचा. पहिला कव्हर फोटो तिने मला पाठवला. खालून घेतलेला अँगल, हाताची घडी, हुडी, मागे रिफायनरीची चिमणी आणि तिच्या टोकावरची ज्वाळा. आकाश नारिंगी. खरं सांगतो, फोटो जबरदस्त होता. चेकलिस्टमधल्या सगळ्या चौकोनांवर टिक. हिपहॉप मासिकाला कव्हरवर 'एरिया' लागतो, खडबडीत भिंत, पत्रे, धूर. आम्हाला तर तो आयता मिळालाय.

अडचण इथेच आहे. १९५०च्या दशकात स्टॅनव्हॅक (पुढे एस्सो) आणि बर्मा शेलच्या रिफायनऱ्या इथे आल्या, आता त्या एचपीसीएल आणि बीपीसीएल. हवेबद्दल गावकऱ्यांनी राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली, २०१५ मध्ये लवादानेही इथल्या हवेने आरोग्याला धोका असल्याचं मान्य केलं. २०१७ नंतर तानसा पाइपलाइनलगतची घरं तुटलेली माणसं इथे आणली गेली. ज्यांनी राहायला नकार दिला, त्यांना दरमहा १५,००० रुपये भाडं द्यावं असा आदेश उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये दिला. ज्या पोराचा तो फोटो आहे, त्याच्या घरात इनहेलर आहे. ज्वाळा त्याच्यासाठी बॅकग्राउंड नाही. आणि त्याच्या गाण्यात ती चिमणी एका ओळीतसुद्धा नाही! तो गातो लिफ्ट बंद असण्याबद्दल, आणि जुन्या वस्तीतल्या शाळेपर्यंत लागणाऱ्या दोन बस बदलण्याबद्दल. कव्हर एक सांगणार आणि गाणं दुसरंच.

जागा गाण्यात यायला नको असं मी म्हणत नाही. स्वदेशी या मुंबईच्या ग्रुपने २०१९ मध्ये 'द वारली रिव्होल्ट' केलं, तेव्हा आरेचं जंगल त्यात होतंच. पण तिथे आरेमध्येच राहणारे आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर स्वतः गायला होते. जागेला तोंड होतं.

तीन रात्री आम्ही यावर वाद घातला. ती म्हणायची मार्क जातील, मी म्हणायचो जाऊ देत. मार्क माझे नव्हते, त्यामुळे मला बोलायला सोपं. शेवटी जे ठरलं ते तिनेच ठरवलं. कव्हरवर त्याचा फोटो राहिला, पण जिन्यातला, सातव्या मजल्यावर धापा टाकत बसलेला, कॅमेऱ्याकडे न बघता. बारकोडच्या जागी क्यूआर कोड, जो स्कॅन केला की गाणं लागतं. 'अनसाइन्ड हाइप'च्या धर्तीवर शेवटच्या पानावर एक छोटं खातं, तिथे तीन इमारतींतल्या तीन मुलींबद्दल प्रत्येकी दहा ओळी. आणि मधल्या दुपानी जागेत डावीकडे रॅप, उजवीकडे आमच्या गावठाणातल्या एका आजीने सांगितलेलं हळदीचं गाणं. त्या गाण्यावर 'चाल' लिहायची होती, तर आजी म्हणाली, "चाल कसली लिवतंस, ही चालच पयली हाय, बाकीच्यांनी हिच्यावरून घेतली." मग ती चाल नोटेशनमध्ये लिहायची ठरली, आणि काम आलं माझ्याकडे.

इथे परत टिंब आडवं आलं. फोनच्या कीबोर्डवर तार सा लिहायचा कसा? लोक सरळ अनुस्वार वापरतात, सां. कोमल रे साठी रे॒ आणि तीव्र म साठी म॑. या दोन खुणा मुळात युनिकोडमध्ये वेदपठणाच्या स्वरांसाठी आहेत, अनुदात्त आणि उदात्त या नावांनी. गाणाऱ्यांनी त्या उसन्या घेतल्या, आणि चालतंय. मंद्र सप्तकासाठी मी अक्षराखाली नुक्ता दिला. 'ध'खाली तो नीट बसला, 'नि'खाली माझ्या फोनवर बरोबर आणि बहिणीच्या फोनवर वेलांटीला जाऊन चिकटला. मात्रांचे रकाने तर व्हॉट्सअॅपवर पाठवले की विस्कटतातच. म्हणून ते पान शेवटी वहीच्या चौकटीच्या कागदावर पेनाने लिहून स्कॅन केलं.

अंक गेल्या आठवड्यात सबमिट झाला. मार्क अजून यायचेत. आजीला तिचं पान वाचून दाखवलं, म्हणजे मी त्या खुणा बघून गायलो. दुसऱ्या ओळीत तिने थांबवलं आणि म्हणाली, तिथं सूर खाली जातो, वर नाही.